काखेतली शिवण

तू विचारतेस, मझिया, तिघांतलं खरं कुणाचं.
समीक्षकांना विचार, ते तिसऱ्या रांगेत बसतात.
मी बसते खाली, रंगमंचाच्या पोटात,
कुताइसीच्या या थिएटरात, इस्त्रीच्या टेबलापाशी, चाळीस वर्षं,
आणि माझ्याकडे नाच येतो
तो घामेजून, उलटा होऊन, हुकातून सुटून.

दुसऱ्या अंकातलं ते दोघांचं नृत्य.
पहारेकऱ्याची मुलगी, पळून आलेला शिपाई,
मेणबत्ती विझेपर्यंतचा वेळ.
सुरावट तीच. मध्ये एका जागी
सगळी व्हायोलिनं थांबतात,
चार मात्रा, फार तर पाच.
त्यांचं काय करायचं,
भांडण एवढ्यावरूनच आहे.

उशांगीनं तिला उचललं.
एका हातावर, थेट वर, झुंबराला टेकेल अशी,
आणि लोक त्या शांततेवर टाळ्या ओतायचे.
तिचं वजन कुणाला दिसायचं नाही.
मला दिसायचं. दर प्रयोगाला डावी काख
चार बोटं उसवलेली,
आणि बरगडीवर अंगठ्याचा निळा ठसा.
दुहेरी टीप घातली, तीही गेली.
उशांगी म्हणायचा, नातेला, प्रेम म्हणजे हवेत राहणं.
मी म्हणायचे, असेल बाबा,
पुढच्या वेळी कापड उरेब कापते, ताण सोसेल.

लामाराचं आलं
ते वीज नसलेल्या हिवाळ्यात.
रॉकेलच्या शेगड्या, अठ्ठावीस प्रेक्षक, सगळे कोटात,
वादकांच्या हातमोज्यांची बोटं मीच कापून दिलेली.
तिनं उचलणं काढूनच टाकलं.
कुणी म्हणे, हे बंड आहे.
कुणी म्हणे, पोरांच्या पोटात अन्न नाही, उचलणार कशाच्या जोरावर.
लामारा काही बोलली नाही.
ती अर्धी सिगारेट विझवून डबीत ठेवायची, उद्यासाठी.
तिच्या चार मात्रांत दोघं पाठीला पाठ लावून उभी.
बस्स.
तोंडातून वाफ निघायची, एकदा त्याच्या, एकदा तिच्या,
मग दोघांची एकदम.
पोशाख कोरडा परत यायचा, काख शाबूत.
फक्त पाठीवरची मखमल
खांद्याच्या दोन हाडांमध्ये झिजून गुळगुळीत झालेली.
तेवढ्या जागेला मी कधी रफू केलं नाही.
का, ते विचारू नकोस.

आता हा योस्त, रॉटरडॅमचा.
तालमीत खिशातून उकडलेलं अंडं काढून खातो,
टरफलं परत खिशात.
त्याच्याकडे ती उचलते.
ऐंशी किलोचा शिपाई! लोक आधी हसतात.
मग ती त्याला खांद्यावर घेते,
जखमी माणसाला घेतात तसं,
आणि व्हायोलिनं थांबतात तेव्हा
तिच्या मांड्यांची थरथर शेवटच्या रांगेपर्यंत पोचते.
योस्त ती लपवू देत नाही.
परवा जुनी मंडळी उठून गेली, खुर्च्या आपटत.
उशांगीची बायको तेवढी बसून राहिली.
हो, तीच. झुंबराला टेकायची ती.
प्रयोग संपल्यावर काठी टेकत खाली आली,
माझ्या स्टुलावर बसली,
डाव्या बरगडीवर हात ठेवून म्हणाली,
दमट हवा झाली की अजून दुखतं गं.
मग म्हणाली, चहा आहे का.
मी दिला.

पोशाख तोच आहे.
दोनदा आत घेतलाय, तीनदा बाहेर काढलाय,
अस्तर मात्र पहिलंच.
उलटा कर, बोट फिरव,
जुनी भोकं लागतील, माझ्या सगळ्या टिपांची.
तिथूनच सुई घालू नकोस, कापड थकलंय.
जरा बाजूनं घे.
आज उजवी काख गेलीय, पहिल्यांदाच उजवी,
आणि अंक अजून बाकी आहे.

थांब.
कात्री तशीच उघडी धर.
या चार मात्रांत काही कापायचं नाही.
वर ऐकू जातं.